अठ्ठ्याण्णव

लीथच्या गोदीमागे आमची तपासणीची खोली,
तिच्या खिडक्या उघडत नाहीत.
मीटर आला की आधी त्याला रात्रभर झोपू द्यायचं,
खोलीइतकाच गार किंवा उबदार होऊ द्यायचं.
थंड जिन्यातून आणलेला पत्रा
घाईने मोजला तर खोटं बोलतो.

हा मिसेस कॅर्सवेलचा.
डूगलने चौथ्या मजल्यावरून पोत्यात घालून आणला,
सोबत तिची चिठ्ठी: हा चोर आहे.

सील तोडायची गरज नाही, आतलं मला पाठ आहे.
मेंढीच्या कातड्याचे दोन भाते,
एक भरतो तेव्हा दुसरा रिता.
वर दोन झडपा, आळीपाळीने सरकणाऱ्या,
अबोला धरूनही एकाच चुलीवर रांधणाऱ्या
जावांसारख्या.
प्रत्येक फेरीला चाकाचा एक दात पुढे.
गॅस किती गेला ते त्याला कळतं,
त्यावर काय शिजलं ते नाही.

सकाळी त्याला घंटेला जोडला.
तेलाच्या टाकीत उलटी टांगलेली घंटा,
पोटात मोजून भरलेली हवा.
खटका सोडला की उतरते, आपल्याच वजनाने.
सत्तावीस वर्षांत एकदाही वाजलेली नाही.

घंटेने दिले शंभर. मीटर म्हणाला अठ्ठ्याण्णव.
पुन्हा सोडली.
अठ्ठ्याण्णव.
मग बारीक धार, नखाएवढ्या ज्योतीला पुरेल इतकी:
काटा हललाच नाही.

चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून सांगितलं,
बाई, मापात पाप आहे, पण तुमच्या बाजूचं.
शंभरामागे दोन. कायद्यात बसतं.
तिला काही आनंद झाला नाही.

"आणि तुमची घंटा कोण तपासतं?"
बाटली, मी म्हणालो. एक घनफुटाची.
"बाटलीला?"
पाणी. पाण्याला तराजू. तराजूला वजन,
ते राजधानीत कुलपात असतं.
"आणि त्याला?"
मी पाना पिशवीत टाकला.

तिने चहा ओतला, दोन कपांत,
मग तिसराही कप काढला आणि परत ठेवला.
किटली उतरवली तरी मागच्या शेगडीवर
नखाएवढी निळी ज्योत होती, वर भांडं नाही.
"असू दे," ती म्हणाली, "रात्री उठलं की दिसते."

मी अहवालाचा कागद टेबलावर ठेवला,
सही कुठे करायची ते दाखवलं.
बारीक धारेचा रकाना वाचायला
तिने चष्मा लावला नाही,
आणि मीही मोठ्याने वाचला नाही.