फक्कीवाल्याची साक्ष

सतरा वर्षं झाली, रेल्वे लाईन्सच्या मैदानावर
मी फक्की मारतो.
सुतळी, दोन खिळे, चुन्याची गोणी
आणि बुडाला भोकं पाडलेला एक डबा.
मला फुटबॉल कळतो असं कुणी म्हणत नाही.
मीही म्हणत नाही.

पण सामना संपल्यावर माती मला वाचता येते.
एप्रिलात इथं गवत नसतंच.
खाली भाजलेली काळी जमीन, वर बोटभर धूळ,
आणि धुळीत बावीस जणांचे बूट.

इम्तियाज बागवानचे ठसे गोलपाशी.
खोल, रुबाबदार.
दोन गोल केले त्यानं. पोरांनी खांद्यावर घेतला,
हलगी लावून सात रस्त्यापर्यंत नेला.
पुण्याहून आलेल्या साहेबांनी वहीत त्याचं नाव लिहिलं,
आणि ते बरोबरच होतं,
त्याच्या उजव्या पायात खरंच काहीतरी आहे.

पण डावीकडचा कोपरा बघा म्हटलं तर कोण बघणार?
तिथं चेंडू अख्ख्या दुपारी तीनदा आला असेल.
तरी माती नांगरल्यासारखी.
टाच झिजलेली, एक खिळा गायब:
अंबादास येमूल.

तो तिथं धावत होता, चेंडूशिवाय,
हात वर करून, "इकडं दे बे, इकडं!" ओरडत.
चेंडू येणार नाही हे त्याला ठाऊक होतं.
अक्कलकोटच्या दोघांना ठाऊक नव्हतं.
ते त्याच्यामागं गेले,
मध्ये दार उघडं पडलं
आणि इम्तियाज आत शिरला.

दुसरा गोल असा झाला. मातीत आहे. अजून पुसलेलं नाही.

मी एकदा घड्याळ लावून हिशेब केला होता.
नव्वद मिनिटांत चेंडू एकाच्या पायाशी
फार तर दोन मिनिटं.
उरलेली अठ्ठ्याऐंशी माणूस काय करतो?
कुणी कमरेवर हात ठेवतो.
कुणी पंचाशी भांडतो.
कुणी गॅलरीकडं बघून केस सारखे करतो.
अंबादास मान वळवतो.
डावीकडं, उजवीकडं, मागं,
दाणा टिपताना चिमणी बघते तशी.

विचारलं त्याला, पाण्याच्या टाकीपाशी.
डोक्यावर ओला टॉवेल,
त्याच्याच कारखान्याचा, किनार चुकलेला.
म्हणाला, "काका, रातपाळीला चार माग माझ्याकडं,
शेडमध्ये चोवीस.
धागा तुटलेला दिसत नाय की.
आवाज बदलतो.
तेवढं ऐकू आलं की पाय आपोआप तिकडं.
इथं पण काय, धोटा एकच.
बाकी सगळा ताणा."

साहेब जाताना गाडीचं दार धरून
सहज म्हणाले,
"तुमच्याकडं मोठा खेळाडू कोण होईल हो?"
मी डबा उलटा करून झटकला.
सांगायला हवं होतं.
जिभेवर चुना बसला होता की काय, कोण जाणे.
म्हणालो, पोरं चांगली आहेत सगळी.

सोमवारी सकाळी अंबादास आला,
डोळे लाल, केसांत सुताची पिंज.
मी पेनल्टीची चौकट आखत होतो.
थांबला. एक डोळा बारीक केला.
"काका, उजवा कोपरा आत आलाय. वीतभर."

सतरा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
रागच आला खरं तर.
सुतळी लावली.
वीतभर नव्हता. चार बोटं होता.

पायानं रेघ पुसली, परत आखली.
मान वर केली तोवर तो मधल्या वर्तुळात,
एकटा, चेंडू नाही,
रिकाम्या मैदानात
मागं वळून बघत.