सातवा होल्डर

वागळे इस्टेटमधला टिपणीसांचा गाळा विकला
तेव्हा सुनेने मला फोन केला:
चपट्या लाकडी पेट्या आहेत सात,
भंगारवाला किलोवर मागतोय. आधी तुम्ही बघता?

पेट्या नव्हत्या, होल्डर होते. चार बाय पाचचे.
दोन्ही बाजूंना सरकणारं पातं,
पात्याच्या माथ्याला एका अंगाने पांढरी पट्टी, दुसऱ्याने काळी.
पांढरी बाहेर म्हणजे कोरी. काळी बाहेर म्हणजे झाली.
असा नियम. नियम पाळणारा माणूस
अठरा वर्षांपूर्वी गेला,
आणि त्यानंतर नातवंडं या पात्यांशी
दुकानाचं शटर वर, शटर खाली खेळली.

सहा रिकामे निघाले.
सातव्यात फिल्म. एका अंगाला पांढरी, दुसऱ्याला काळी.

बाथरूमच्या दाराखाली टॉवेल कोंबला,
गिझरचा लाल डोळा चिकटपट्टीने मिटला,
घरात सांगितलं, बेल वाजली तरी मी नाही.
अंधारात पांढऱ्या बाजूचं पातं ओढलं.
फिल्म जरा चिकटली होती;
खाडीचा ओलावा बंद डब्यातही
भाडं न देता राहतो.
कोपरा चाचपला. एक खाच खोल, दोन उथळ,
मग बोट घसरलं.
कुठली कंपनी, किती वेग, ते कोष्टकात असतं.
कोष्टक पाठ नाही, आणि दिवा लावायचा नाही.

कोरी समजून फोटो काढावा, तर आतला असला तो मरेल.
झालेली समजून धुवावी, तर कोरी वाया.
टिपणीस म्हणाले असते, लिहून का नाही ठेवलंस?
लिहून न ठेवणारे तेच.

सतरा वर्षांचा होतो. लेथच्या मागे
पांढरी चादर ताणून उभा राहायचो.
कॅटलॉगात यंत्र हवं,
यंत्रापाशी कोण, ते नको.

पाण्यात बर्फ टाकून वीस अंशांवर आणलं.
धुतली. नऊ मिनिटं, मनात मोजत.
दिवा लावला.

करडी. कडेपासून कडेपर्यंत
राखेच्या पाण्यासारखी करडी.
टाकणारच होतो, पण ओली होती म्हणून
खिडकीच्या दोरीला चिमट्यात लावली,
आणि मागून ऊन आलं तेव्हा
तीन बाजूंना एक फिकी पट्टी दिसली,
नखाएवढी, होल्डरच्या खोबणीने झाकलेली तेवढीच.

वयाचा करडेपणा कड पाळत नाही.
म्हणजे हे पातं ओढलं गेलं होतं.
शटर उघडलं होतं. समोर काहीतरी होतं,
आणि काळ्या कापडातून डोकं काढून
टिपणीस म्हणाले होते, हलू नका.

यंत्राला कोण म्हणतं, हलू नका?

दुसरी बाजू अजून उघडलेली नाही.
संध्याकाळी सुनेचा फोन: काही निघालं का हो?
म्हटलं, कड निघाली.
हॅलो, हॅलो, करत राहिली ती;
तिला वाटलं, आवाज तुटतोय.