सातवा चौकोन

योस्ट आणि मारेइके,
तुमचं पत्र तीन दिवस उशिरा पोचलं,
टॉवरचं डिझेल संपलं होतं.
कधी यावं, असं विचारता.

ऑगस्टात येऊ नका.
आग्नेयेचा वारा तेव्हा नाकावर माशी बसू देत नाही,
कालेदुपाहून भाजीची होडीसुद्धा येत नाही
आणि पाणी असं घुसळलेलं
की स्वतःची बोटं ओळखीची वाटत नाहीत.
ऑक्टोबर सरताना या,
चंद्र अर्धा असेल तेव्हा.
तेवढे चार-सहा दिवस प्रवाह जरा ऐकून घेतो.

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर
मी चौकोन आखलेत तुमच्या नावाचे.
सहा दिवस, रोज दोन बुड्या,
माझे धरून छत्तीस सिलिंडर.
तांदूळ. डिझेल. मारेइकेला मासे चालत नाहीत, म्हणून अंडी.
दोघांची वजनं कळवा, खरी.
पट्ट्यात शिसं किती ओवायचं ते त्यावर ठरतं,
आणि समुद्राशी वयाबद्दल खोटं बोललेलं चालतं,
वजनाबद्दल नाही.

यादी मिळाली:
कासव, पाकट, जमल्यास शार्क,
करंगळीच्या नखाएवढा समुद्रघोडा.
यादी मी खाली वाचून दाखवीन.
येणारे येतील, त्यांच्या सवडीनं.

पण सातव्या दिवशी
विमान दुपारी आहे, सकाळी एक बुडी बसवता येईल का,
असं जे शेवटी, सहज, लिहिलंत —
नाही बसवता येणार.
कागदावर जागा आहे. रक्तात नाही.
खाली जो वारा आपण पितो
तो उंबऱ्यातल्या पाहुण्यासारखा असतो,
निघतो निघतो म्हणतो, आणि बोलतच राहतो.
त्याला घाई केली
तर सांध्यासांध्यांत बुडबुडे करून बसतो.

उवांना हे कुणी सांगितलं नव्हतं.
उवा म्हणजे माझे वडील, तुमचे सिलिंडर तेच भरतील.
तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते.
होडीत टायरला हवा भरायचा पंप,
दातांत पिवळी नळी,
आणि समुद्रकाकडीचा भाव चढलेला.
एका दिवसात चार वेळा तळाला गेले.
चौथ्यांदा वर आले ते कमरेपर्यंतच.
बाकीचे अजून यायचेत,
असं आई म्हणते
आणि आधी तेच हसतात.

आता ते फळीवर बसून
सिलिंडरला तळहात लावून ठेवतात.
धातू तापला की पंप मंद करतात,
भरून झालं की खडूनं वेळ लिहितात अंगावर.
त्यांना कमी ऐकू येतं. बोलायचं असेल तर
समोर बसा, घड्याळ दाखवा.
तुमची वर येण्याची वेळ त्यांना आधी पाठ असते,
दोन मिनिटं उशीर झाला तर
ते कुणाशी बोलत नाहीत.

तर सातवा दिवस कोरा.
मागच्या वर्षी एक बाई त्या दिवशी
सकाळभर धुमसत बसली होती, पाय पाण्यात सोडून,
एवढे पैसे भरून नुसतं बसायचं म्हणून.
दुपारी उवांनी तिच्या मांडीवर जाळं टाकलं, सुई दिली.
तिनं नऊ गाठी घातल्या, एक चुकली.
ती आम्ही सोडवलेली नाही.
तिथून अधूनमधून एखादा मासा निसटतो,
उवा त्याला तिच्या नावानं हाक मारतात,
म्हणजे त्यांना जमेल तशी. हेन्रिएटा जमत नाही.

आई कासुआमी उकडेल त्या दिवशी,
टोपीसारखी उभी, कंदाची. गरम असतानाच खा.

विसार पाठवा, निम्मा पुरे.
योस्टच्या चष्म्याचा नंबर कळवा,
मुखवट्याला भिंगं बसवायला महिना लागतो.
आणि येताना, जमलं तर,
पांढरा खडू आणा. इथला
ओल्या हातात टिकत नाही.

— नुर्लिया