डोळ्यांची उंची

पहिल्या दिवशी एगिल्सनं आम्हाला लिएपायाच्या धक्क्यावर नेलं.
सात जण, सगळे पेन्शनीतले,
सगळ्यांच्या नाकाला थंडीचं पाणी.
म्हणाला, समुद्राची कड बघा. आता बसा.
गुडघ्यांशी भांडत बसलो.
समुद्रही बसला.
उठलो तर उठला,
शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखा.
जिथं तुमचे डोळे तिथं ती रेघ, तो म्हणाला,
केसभर वर नाही, केसभर खाली नाही.

चाळीस वर्षं मी कारखान्यात मासे डब्यात रचले,
खिडकीबाहेर हाच समुद्र.
कुणी सांगितलं नव्हतं
की तो माझ्या उंचीचा आहे.

मग जुन्या गोदामाची भिंत.
वरचे विटांचे थर दूर जाताना उतरतात,
खालचे चढतात,
मध्ये एकच थर कुणाचं ऐकत नाही, सरळ जातो.
तो शोधा.
माझा एकोणिसावा निघाला.
आर्वीड्सचा बाविसावा, आणि त्यावर तो दिवसभर खूश.

जिथं समुद्र नाही, भिंतही नाही,
तिथं पेलाभर पाणी घ्या, एगिल्स म्हणाला,
एक डोळा मिटा, पेला हळूहळू वर न्या.
पाण्याचा गोल चपटा होत जातो,
आणि एका जागी नुसती रेघ उरते.
तिथं थांबा.
(तो आधी जहाजांचे आराखडे काढायचा.
थांबा म्हणाला की माणूस थांबतो.)

घरचा अभ्यास: कुणाचंही जुनं चित्र घ्या,
त्यातली रेघ हुडका.

माझ्याकडे एकच होतं.
मिठाच्या डब्यामागे, कॅलेंडरच्या पाठीवर,
वाल्देमार्सनं पेन्सिलीनं काढलेलं आमचं स्वयंपाकघर.
तो गेल्याला सहा वर्षं झाली.
बोटीवरचा मेकॅनिक, ताडमाड,
आमच्या दाराच्या चौकटीला
त्याच्या कपाळाचा खळगा आहे अजून.
तेव्हा रेघ कुठं असणार हे मला ठाऊकच होतं:
वर, कपाटाच्या माथ्याशी,
जिथली धूळ त्याला दिसायची आणि मला नाही,
आणि ज्यावरून आम्ही दोनदा तरी चांगलेच भांडलो.

चित्र पोळपाटावर टाचलं, शिवणाचा दोरा घेतला.
फळीच्या कडेवरून एक दोरा.
टेबलाच्या कडेवरून एक.
जमिनीच्या दोन फळ्यांवरून दोन.
चारही एका टाचणीशी आले,
आणि टाचणी खाली होती.
फारच खाली.
किटलीच्या झाकणाच्या उंचीला.

चुकलं असेल म्हणून पुन्हा ताणले.
मग झाकणाकडेच पाहिलं.
त्यानं ते गोल काढलंच नव्हतं.
एक सरळ रेघ, वर मूठ, बस्स.
मला इतकी वर्षं वाटायचं, जमलं नसेल त्याला.

किटली तीच आहे, तार गुंडाळलेल्या दांड्याची.
टेबलावर तिच्या जागी ठेवली
आणि मी घरभर बसून पाहिलं.
खुर्चीवर झाकण गोल दिसतं.
कोळशाच्या पेटीवरही गोल, थोडं चपटं.
शेवटी चुलीपाशी,
माझ्या बटाटे सोलायच्या ठेंगण्या स्टुलावर
टेकले,
आणि झाकण मिटलं. रेघ झाली.

नुसता बसला असता तरी
त्याचे डोळे माझ्यापेक्षा वीतभर वर गेले असते.
म्हणजे मान वाकवली असणार.
किती वेळ? चित्रात टोपलीची वीणही आहे,
तासभर तरी.
मी कुठं होते तेव्हा? रात्रपाळीला?
विचारलं नाही कधी, माझी मान का दुखते.
त्याचीच दुखत असेल त्या दिवशी,
आणि मी म्हटलं असेल, लाव जरा तेल.

एगिल्सनं दोरे पाहिले, टाचणी पाहिली.
रेघ बरोबर आहे, म्हणाला.
काढणारा बुटका होता का?

मी म्हटलं, हो.
तेवढ्यापुरता.