प्रश्न क्रमांक सात

मूळ इंग्रजी वाक्य साधं आहे.
गेल्या दोन आठवड्यांत हवामानाच्या विचारानं
मला स्वस्थ बसू दिलं नाही.
पुढे पाच गोल, 'कधीच नाही' पासून 'नेहमी' पर्यंत.

बेलापूरच्या तिसऱ्या मजल्यावर
मी मंगळवारपासून एका शब्दाशी अडून बसलेय.
चिंता लिहिली की शाळेतलं सुभाषित आठवतं.
घोर लागतो तो मुलीच्या लग्नाचा,
धास्ती बिल्डरच्या माणसांची,
हुरहूर तर नुसती संध्याकाळची.
समितीतल्या बेहेरे मॅडम म्हणाल्या, पर्यावरणीय उद्विग्नता.
आम्ही सगळे चहाकडे बघू लागलो.

शेवटी काळजी लिहिलं,
आणि उलट भाषांतरासाठी नफीसाकडे पाठवलं.
तिनं मूळ पाहिलेलं नाही, पाहायचं नसतं.
परत आलं तेव्हा वाक्य म्हणत होतं
मी हवामानाची निगा राखते.

तिची चूक कशी म्हणू?
मी चपला घालताना आई म्हणते, काळजी घे,
आणि माझा रिपोर्ट यायचा असतो तेव्हा
रात्रभर कूस बदलत ती करते, तीही काळजीच.
आम्ही दोन्ही एकाच डब्यात ठेवलं
आणि झाकणावर काही लिहिलं नाही.

पूर्वचाचणी, दिवाळे गाव, जेट्टी.
चांगुणाबाई नाखवा, वय एकसष्ट,
शिक्षणाच्या रकान्यात आडवी रेघ.
ती चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीनं बांधत होती,
मी पर्याय वाचत होते.
"कवा कवा म्हंजे?
भरतीला का सुकतीला?"
सूचनापत्रकात याचं उत्तर नाही.
मी म्हटलं, बरं, खाडीची काळजी वाटते का, एवढंच सांगा.
तिनं गाठ दातांनी आवळली.
"खारीची काल्जी?
अगो, खारीला आमची व्हती."

मग दुसरी चिंबोरी घेतली.
मी पेन धरून तशीच.

आता ओजस आकडे बघून म्हणतो
सात नंबर बाकीच्या प्रश्नांशी जुळत नाही,
काढून टाकू, मापन सुधारेल.
थांब जरा, म्हटलं.
तिच्या फॉर्मवर मचूळ पाण्याचा एक थेंब वाळलाय,
तिसऱ्या आणि चौथ्या गोलाच्या मधोमध.
तो कुठे धरायचा ते आधी ठरवू.