पेन्सिलीतली किंमत

त्रिएस्तेत बोरा वारा सुटला की
दुकानाचं दार मी आतून दोरीनं बांधते,
दोरीचं दुसरं टोक इतिहासाच्या कपाटाला.
इतिहास जड असतो, हलत नाही.
एकदा कवितेला बांधून पाहिलं होतं,
ती दारासकट रस्त्यावर गेली.

अशा वाऱ्यातही एखादं गिऱ्हाईक येतंच.
"ते निळं पुस्तक आहे का?"
कुठलं?
"निळं हो. मागच्या वर्षी इथेच होतं."
मी तीन निळी दाखवते. चौथं हिरवं.
हिरवं घेऊन जातं, खुशीत.

पुस्तकांतून काय वाट्टेल ते निघतं.
दाताच्या डॉक्टरचं बिल, न भरलेलं.
हॅमची पातळ चकती, कातड्यासारखी वाळलेली,
तीही पाककृतींच्या नव्हे, तर्कशास्त्राच्या पुस्तकात.
एक चिठ्ठी: "निघून ये." बस, एवढंच.
ती मी गल्ल्यात जपून ठेवलीय.
न जाणो, कुणी निघायचं राहिलं असेल.

सिन्योरा कोसूता नवऱ्याची अकरा खोकी विकून गेल्या
आणि आठवड्यात परत आल्या, एकासाठी.
समासात नवऱ्यानं लेखकाला हासडलेल्या शिव्या
त्यांना पुन्हा ऐकायच्या होत्या.
मी पैसे घेईना, तर म्हणाल्या,
"घ्या हो. फुकटचं त्याला कधी पचलं नाही."

आणि हे लिव्हिओ झिदारिच.
दर मंगळवारी अकराला येतात,
शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसून
एकाच कादंबरीची चार-चार पानं वाचतात,
खुणेला ट्रामचं तिकीट ठेवून निघतात.
विकत घेणं? नाव नको.
त्यांचं होईतो कुणी नेऊ नये म्हणून
मीच आतली किंमत खोडून वाढवत राहते:
पाच. अकरा. चोवीस.
चाळीस लिहिताना पेन्सिल मोडली.

काल ग्राट्सहून आलेल्या एका तरुणानं
चाळीस वाचलं आणि सरळ पाकीट काढलं.
आली का पंचाईत!
मी घाईघाईनं म्हणाले,
यातली शेवटची आठ पानं गायब आहेत.
खोटं नव्हतं ते.
फक्त मंगळवार आहे हे मी विसरले,
आणि शिडी करकरली.

"चाळीस?" लिव्हिओ वरूनच म्हणाले.
"मला तर तुम्ही तीनच दिले होते."

तुम्हाला?

"माझंच आहे ते. शेवट फाडून घरी ठेवलाय,
बायकोला तेवढाच आवडायचा.
पण तिथवर ती माणसं पोचली कशी,
हेच आठवेना. म्हणून येतो."

मी काय बोलणार? खोडरबर शोधत बसले.
तरुणानं बिचाऱ्यानं तोवर
जवळचं एक निळं पुस्तक उचललं,
पैसे ठेवले, दोरी ओलांडून गेला.

संध्याकाळी ते गिऱ्हाईक परत आलं,
बगलेत हिरवं पुस्तक.
"हे ते नव्हे हो."