गळती

पहिल्या वर्षी मी स्प्रिंग घेतली.
सगळ्यात जाड, सगळ्यात ताठ.
कुरिअरवाल्यानं खोकं हलवून विचारलं, "होडीचं काय रे?"
मी म्हटलं, "हो."
त्याआधी घेतली होती बारीक भोकाची पितळी नळी,
आणि तिच्याही आधी दुर्बीण,
जिच्यातून खाणीतला एकेक चिरा
हात लावावा इतका जवळ यायचा
आणि गोळी मात्र डावीकडे, काजीच्या पानांत.

सीझनचे पैसे होते ते.
एका पर्यटकाला पाण्याखाली न्यायचं,
मासे दाखवायचे, अंगठा वर करून फोटो काढायचा,
जिवंत परत आणायचं, त्याचे दोनशे.
हिशेब केला तेव्हा कळलं,
त्या एका दुर्बिणीत
मी एकवीस माणसं बुडवली होती.

कुंभारमाठच्या सड्यावर, बंद पडलेल्या चिरेखाणीत
आम्ही रविवारी खेळतो.
चष्मे घट्ट. तांबडी धूळ दातांत.
गोळी लागली की ज्याचं त्यानं ओरडायचं, मेलो,
आणि बाजूला जाऊन पाणी प्यायचं.
त्या रविवारी वेगमापकापुढे धरली माझी बंदूक,
आकडा आला, सगळे गप्प.
कल्पिता मोंडकर म्हणाली,
"बस जावन काजीखाली.
ह्या स्प्रिंगीन कोणाचे तरी दात जातले."
बसलो. ओंबिलांची वाट नेमकी तिथूनच होती.

तिची बंदूक खोक्यातून निघाली तशीच,
दस्त्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
चाळीस पावलांवरचा पत्र्याचा डबा
ती न रागावता पाडायची.

कल्पिता पिग्मी गोळा करते.
बंदर, भरड, मासळी बाजार,
विसाची नोट, ओली, खवले चिकटलेली.
तिला मी माझा खर्च सांगितला.
तिनं जुन्या वहीचं मागचं पान काढलं.
"आधी कशी मारी होती? लिवलंस?"
नव्हतं लिहिलं.
"मगे सुधारली ह्या कशावरसून ठरवलंस?"

होड्या वर ओढल्या, झापांनी झाकल्या,
आणि चार महिने माझ्याकडे नुसता वेळ.
टेबलावर वर्तमानपत्र पसरून बंदूक उघडली.
पिस्टनचे दोन दात तुटलेले. ते त्या स्प्रिंगचं काम.
नळीच्या तोंडावर बोट दाबून पिस्टन ढकलला:
कुठे अडायला हवा होता,
तो लोण्यात सुरी जावी तसा आत गेला.

मला हसू आलं, मग लाज.
मी टाकीच्या तोंडावरचं रबरी कडं
रोज सकाळी नखानं चाचपणारा माणूस.
एक बुडबुडा दिसला तर
कलेक्टरलाही पाण्यात नेणार नाही.
आणि इथे, गळतं कुठे ते न बघता
दोन वर्षं नुसता जोर वाढवत होतो.

कडं अठरा रुपयांचं.
ग्रीस टाकीचंच, बोटभर.
नळीत फडकं घातलं, काळं होऊन आलं,
आणि अर्धी डावीकडची ओढ त्या फडक्यातच होती. फुकट.
पिस्टन दुसऱ्याच्या मोडक्या बंदुकीतला.
जुनी स्प्रिंग परत आत.
मग वीस गोळ्या, वहीत.
मग नवं रबर, साडेतीनशे. पुन्हा वीस.
मग जरा जड गोळ्या, दोनशे चाळीस. पुन्हा वीस.
एका दिवशी एकच बदल, हा कल्पिताचा कायदा;
दोन केले तर श्रेय कोणाला द्यायचं?

सगळं मिळून तीन माणसं, वर आठ रुपये.

जाड स्प्रिंग खिडकीत ठेवली होती.
खाऱ्या वाऱ्यानं गणपतीपर्यंत तिला गंज चढला,
आता आई तिच्यात उदबत्त्या खोचते.

काल विसातल्या तेरा लागल्या.
मोटर घ्यावी असं फार वाटतंय,
चांगली आहे, स्वस्तही झालीय,
कल्पिताकडे रोजचे वीस त्याच नावानं भरतो.
वहीत मोटर लिहिलीय, किंमत लिहिलीय.
पुढचा रकाना 'कशाला?'
तो अजून कोरा आहे.